माझा शेजारी कोण? : सोलापूर परिसर आणि ख्रिस्ती धर्माभ्यासाचा मागोवा

पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाणारी भीमा सोलापूर जिल्हा मागे टाकून कर्नाटकात शिरते आणि कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती नावाच्या गावाजवळून वाहते. १९८६ साली या गावातील चंद्रलांबा मंदिराच्या आवारात असलेल्या कालीमंदिराचे छत कोसळले. ढिगारा उपसला जात असता देवीच्या मूर्तीखालची शिळा उघडी पडली आणि तिच्यावर धम्मलिपीतील अक्षरे दिसली. सम्राट अशोकाचे बारावा व चौदावा हे शिलालेख आणि एरवी कलिंग देशातच आढळणारे दोन स्वतंत्र लेख या शिळेवर कोरलेले आहेत. मूर्ती बसविण्यासाठी शिळेच्या मध्यभागी खाच पाडली गेल्याने काही अक्षरे कायमची नष्ट झाली. जी उरली त्यांत बाराव्या लेखाचा भाग आहे, ही गोष्ट आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बारावा लेख परधर्माच्या अभ्यासाविषयी आहे. त्यात येणाऱ्या ‘पासंड’ या शब्दाला पुढील काळात ‘पाखंड’ अशी निंदेची छटा आली. अशोकाच्या भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘पंथ’ असा आहे. (शब्दाचे हे अधःपतन कोणी व का घडवून आणले, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.) दान व सत्कार यांपेक्षा सर्व पंथांच्या साराची वाढ व्हावी, हे सम्राटाला अधिक मोलाचे वाटते. त्या वाढीचे मूळ तो ‘वचिगुती’ म्हणजे वाणीच्या संयमात पाहतो. प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करणारा मनुष्य आपल्याच पंथाची हानी करतो, असे त्याचे सांगणे आहे. पुढे तो आणखी एक पाऊल टाकतो. लोकांनी परस्परांचा धम्म ऐकावा व ऐकण्याची इच्छा धरावी, सर्व पंथ ‘बहुश्रुत’ व्हावेत, असे तो म्हणतो. शेजाऱ्याचा धर्म जाणून घेणे हे येथे केवळ सौजन्य राहत नाही, ते स्वधर्माचेच अंग ठरते.

ही दृष्टी अशोकाला तथागतांच्या शासनातून मिळाली, यात शंका नाही. ‘ब्रह्मजालसुत्ता’त बासष्ट मिथ्या दृष्टींची मांडणी आहे. त्या दृष्टी खोडून काढण्यापूर्वी त्या धारण करणारा मनुष्य कोणत्या अनुभवातून व कोणत्या तर्काने तेथवर पोहोचला, हे तेथे नोंदविलेले दिसते. ‘उपालिसुत्त’ तर याहून बोलके आहे. निगंठांचा प्रसिद्ध उपासक उपाली तथागतांना वादात जिंकण्यासाठी येतो आणि शेवटी त्यांनाच शरण जाऊ इच्छितो. तेव्हा तथागत त्याला घाई करू देत नाहीत. नीट तपासून, विचार करून पाऊल टाक, असे बजावतात. आणि आजवर तुझ्या घरी निगंठांना भिक्षा मिळत आली आहे, ती पुढेही देत राहा, असेही सांगतात. धर्मांतर आणि शेजारधर्म या दोहोंचा एकाच प्रसंगी विचार करणारे असे उदाहरण धर्मांच्या इतिहासात आम्हांस फारसे आढळले नाही.

ख्रिस्ती धर्मात हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने येतो. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करावी, ही तेथील थोर आज्ञा आहे. लूककृत शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो की, माझा शेजारी कोण? त्यावर येशू चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत देतो. लुटला जाऊन अर्धमेल्या अवस्थेत पडलेल्या वाटसरूला पाहून याजक निघून जातो, लेवी निघून जातो, आणि ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवीत नसत अशा शोमरोनी जमातीतला मनुष्य थांबतो. बहिष्कृत मनुष्यच येथे खरा शेजारी ठरतो. हा दृष्टांत घेऊन जे मिशनरी मराठी मुलखात आले, त्यांनी शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्यासाठी अपार परिश्रम केले. मात्र कोणत्या शेजाऱ्याचा? सोलापूर जिल्ह्यात आज जे बौद्ध आहेत आणि जे ख्रिस्ती आहेत, त्यांपैकी पुष्कळांचे पणजे गावकुसाबाहेरच्या एकाच वस्तीत राहत होते. म्हणून हा प्रश्न आम्हांस परका नाही.

मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांच्यापासून प्रारंभ करणे योग्य होईल. स्कॉटलंडहून १८२९ साली आलेल्या या पाद्र्याने मराठी, संस्कृत, झेंद यांचा अभ्यास केला. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि पुढील वर्षी हिंदू धर्माचे खंडन करणारे त्यांचे पुस्तक निघाले. पारशी धर्मावरील त्यांचा ग्रंथ १८४३ चा आहे. त्यांची ज्ञानसाधना खंडनासाठी होती, हे त्यांनी लपविले नाही. प्रतिपक्षाचा गड घ्यावयाचा तर त्याच्या वाटा माहीत असाव्यात, इतकाच तिचा हेतू. तथापि ज्ञानाला स्वतःची गती असते. १८३५ साली विल्सन काठेवाडात गिरनारला गेले आणि तेथील शिलालेखाची नक्कल त्यांच्यामार्फत कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचली. १८३७ मध्ये प्रिन्सेप यांना धम्मलिपीचा उलगडा झाला व १८३८ मध्ये गिरनारच्या लेखात त्यांना अँटिओकस या ग्रीक राजाचे नाव सापडले. भारताच्या इतिहासात अशोकाचे पुनरागमन झाले ते या वाचनामुळे. ज्या बाराव्या लेखाची चर्चा आम्ही वर केली, त्याच्या उत्तम टिकलेल्या पाठांपैकी एक याच गिरनारच्या खडकावर आहे. परधर्माची निंदा हानिकारक आहे असे सांगणारा लेख उजेडात येण्यास परधर्मखंडन हे ज्यांचे व्रत होते अशा विद्वानाचा हात लागावा, ही इतिहासाची गंमतच म्हणावी लागेल. पश्चिम भारतातील लेण्यांवर त्यांनी १८५० साली सविस्तर निवेदनही प्रसिद्ध केले. आमच्या विहारांतून आज अशोकाचे नाव घेतले जाते तेव्हा या ऋणाचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हावा, असे आम्हांस वाटते.

विल्सन यांचे समकालीन डॉ. जॉन स्टीव्हन्सन सोलापूरच्या अधिक जवळ येतात. कोकणात मिशनरी म्हणून आलेले व पुढे कंपनी सरकारच्या सेवेत धर्मोपदेशक झालेले हे गृहस्थ लेण्यांतील लेखांच्या आरंभीच्या वाचकांपैकी होत. दख्खनमधील ब्राह्मणी धर्मात बौद्ध धर्माचे मिश्रण कसे झाले आहे, या विषयावर त्यांनी १८४० नंतरच्या दशकात निबंध लिहिले आणि विठ्ठलभक्तांना ‘बौद्ध-वैष्णव’ असे नाव दिले. पंढरपूरच्या उपासनेत बौद्ध अंश आहे, असे म्हणणारा हा बहुधा पहिला आधुनिक अभ्यासक. जुन्या मराठी पंचांगांतील दशावतारांच्या चित्रांत नवव्या, म्हणजे बुद्धाच्या, जागी विठोबाची आकृती काढण्याची रीत होती. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठल-बुद्ध संबंधाच्या परंपरेचा विस्ताराने विचार केला आहे. या दोहोंच्या मध्ये, २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंढरीचा विठोबा म्हणजे बुद्धच होय, असे प्रतिपादन केले व त्यावर आपण ग्रंथ लिहिणार असल्याचे सांगितले. तो ग्रंथ पुरा होणे नियतीला मंजूर नव्हते.

स्टीव्हन्सन यांचा तर्क आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. त्यांच्या हाती असलेली साधने तुटपुंजी होती आणि बौद्ध धर्माचे पाली ग्रंथ तेव्हा युरोपात नुकतेच माहीत होऊ लागले होते. पण त्यांच्या निबंधातील उणीव दुसरीच आहे. विठ्ठलाचे मूळ शोधणाऱ्या या पंडिताच्या काळी आणि त्यानंतरही शंभर वर्षे त्या देवळाच्या पायरीपाशी एक समाज थांबविला जात होता. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार उघडले. देवाचा वंश शोधणे आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या भक्ताला त्याचा धर्म विचारणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मिशनरी विद्वानांनी उत्तम केली.

खंडनाचा जोर ओसरून समजुतीचा काळ आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. जे. एन. फार्कर यांच्या १९१३ मधील ग्रंथाने ख्रिस्त हा हिंदू धर्माची परिपूर्ती आहे, असा विचार पुढे केला. मराठी मुलखात या विचाराला भूमी तयारच होती. १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या आधाराने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे मानीत. अभंग व कीर्तन त्यांनी चर्चमध्ये आणले. निकोल मॅकनिकल यांनी मराठी संतांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद केला. परंतु या सर्वांत कष्टाळू होते ते जस्टिन ई. ॲबट. अमेरिकन मराठी मिशनचे हे सेवक निवृत्त होऊन अमेरिकेस परतले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी मराठी संतकवींच्या अनुवादाला वाहिले. १९२६ पासून त्यांची मालिका निघू लागली : भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. १९३२ मध्ये त्यांच्या निधनानंतरही पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने केलेले महिपतीच्या ‘भक्तविजया’चे व ‘भक्तलीलामृता’चे अनुवाद प्रसिद्ध झाले. बाराव्या व शेवटच्या खंडाचे लेखक होते ‘ज्ञानोदय’चे संपादक जे. एफ. एडवर्ड्स.

हे काम प्रेमाने झाले आहे, हे कोणताही पान उलटणारा वाचक मान्य करील. त्यात टवाळी नाही, चूक काढण्याची घाई नाही. शेजाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जावे आणि त्याच्या देव्हाऱ्यापुढे स्वस्थ बसून ऐकावे, तसे ॲबट महिपतीला ऐकतात. पण ते गेले कोणाच्या घरी? बारा खंडांत चोखोबांचा एकही स्वतंत्र खंड नाही. मंगळवेढ्याचे चोखामेळा, जे गावकुसाचे बांधकाम कोसळून १३३८ साली त्याखाली गाडले गेले, ते या मालिकेत येतात ते मुख्यत्वे महिपतीच्या कथनातून. आणि महिपती हा अठराव्या शतकातील ताहराबादचा ब्राह्मण चरित्रकार. चोखोबांचे दुःख तेथे देवाच्या चमत्काराने मिटविले जाते. एडवर्ड्स यांच्या १९४१ मधील खंडाचे शीर्षक पाहावे : ज्ञानेश्वर, बहिष्कृत ब्राह्मण. बहिष्काराची वेदना या विद्वानांना जाणवली, पण ती ब्राह्मणाच्या बहिष्काराची! सोलापूर जिल्ह्यातच मंगळवेढे आहे, आणि याच मिशनच्या सोलापुरातील मंडळ्यांत चोखोबांच्या जातीची माणसे दर रविवारी बसत होती.

या मिशनचा थोडा वृत्तान्त देणे आवश्यक आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईस आले, १८३१ मध्ये अहमदनगरला त्याचे ठाणे झाले व १८६० नंतरच्या दशकात सोलापुरात. दुष्काळ, शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांतून त्याचे काम वाढले आणि त्याच्या मंडळ्यांत महार व मांग या समाजांतील माणसे मोठ्या संख्येने आली. गुन्हेगार जमाती कायद्यान्वये सोलापुरात पारधी, कैकाडी आदी जमातींना कुंपणाआड ठेवणारी जी वसाहत सरकारने केली, तिच्यातील उमेदपूर या भागाची व्यवस्थाही याच मिशनकडे होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. तेथे शाळा होत्या, काम होते, हे खरे. परंतु ज्याच्या दाराशी हजेरी घेतली जाते तो मनुष्य आपल्या देवाविषयी, आपल्या रूढींविषयी मोकळेपणाने काय बोलणार? येथे शेजाऱ्याचे ज्ञान आणि सरकारची नोंदवही यांतील अंतर फार थोडे होते.

आता आम्ही मागे वळतो. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या मुखपत्रात १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत एक निबंध छापला गेला. लेखिका होती पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी चालविलेल्या शाळेतील मुक्ता ही सुमारे चौदा वर्षांची मातंग मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने जो प्रश्न केला तो धर्मशास्त्राच्या मुळाशी जाणारा आहे. वेद आमचेच, ते तुम्ही पाहू नयेत, असे ब्राह्मण म्हणतात. मग धर्मपुस्तक नसलेले आम्ही धर्मरहित ठरतो. तर देवा, आमचा धर्म कोणता ते आम्हांस सांग, असा तिच्या म्हणण्याचा आशय. सर्व धर्मांची शास्त्रे गोळा करणाऱ्या विद्वानांच्या स्वतःच्या पत्रात, त्यांच्याच भाषेत, शेजाऱ्याने स्वतः दिलेली ही साक्ष होती. तिचे संपादकांनी स्वागत केले व ती छापली. त्याबद्दल ‘ज्ञानोदय’चे उपकार आम्ही मानतो, कारण ते पत्र नसते तर मुक्ताचा आवाज आज उरला नसता.

पण त्या साक्षीच्या दिशेने अभ्यास पुढे गेला नाही. गावकुसाबाहेरचा मनुष्य काय मानतो, मरीआईपुढे काय बोलतो, आपल्या पूर्वजांची कोणती कथा मुलांना सांगतो, हे विचारणारा स्वतंत्र ग्रंथ मिशनरी विद्वत्तेतून निघाला तो १९३८ साली : अलेक्झांडर रॉबर्टसन यांचे महार समाजावरील इंग्रजी पुस्तक. त्यात गावगाड्यातील स्थान, बावन्न हक्क, दैवते, संतपरंपरा यांचा विचार आहे व लेखकाची सहानुभूती पानोपानी जाणवते. मुक्ताच्या निबंधापासून रॉबर्टसन यांच्या पुस्तकापर्यंत त्र्याऐंशी वर्षे गेली. एवढ्या अवधीत ब्राह्मणी दर्शने, पारशी धर्म, लिंगायत, भागवत संप्रदाय यांवर मिशनऱ्यांनी लिहिलेली पुस्तके एका कपाटात मावणार नाहीत.

याचे कारण काय असावे? द्वेष हे कारण नव्हे. मिशनऱ्यांनी अस्पृश्यांसाठी जे केले ते स्पृश्य हिंदूंनी केले नाही. आमच्या मते कारण पद्धतीचे आहे. ‘धर्म’ म्हणजे ग्रंथ, आणि ग्रंथ म्हणजे पंडित, हे त्यांनी गृहीत धरले. भाषा शिकविणारा पंडित ब्राह्मण, ग्रंथ समजावून देणारा ब्राह्मण, आणि ज्याला जिंकावे किंवा ज्याचा स्नेह जोडावा असा प्रतिपक्षही ब्राह्मणच. अस्पृश्याला ‘धर्म’ नाही, केवळ अज्ञान व भुतेखेते आहेत, असे ठरल्यावर त्याच्याकडून शिकण्यासारखे काय उरते? तो दयेचा विषय झाला, संवादाचा झाला नाही. ज्याच्यावर प्रीती करावयाची त्याच्याकडून काही शिकावयाचेही असते, हे विसरले गेले.

रॉबर्टसन यांचे पुस्तक ज्या वर्षी निघाले त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १९३८ रोजी, सोलापुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजाच्या सभेत भाषण केले. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर सव्वादोन वर्षे उलटली होती. निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी राजगृहाच्या पायऱ्या झिजवीत होते. अशा वेळी ख्रिस्ती श्रोत्यांना काही गोड ऐकण्याची आशा असणे स्वाभाविक होते. बाबासाहेबांनी त्यांना आनंद होईल असे एक वाक्य सांगितले खरे : जगातील उपलब्ध धर्म व धर्मपुरुष यांपैकी धर्मांतराच्या दृष्टीने आपण बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचाच विचार करतो, असा त्याचा आशय होता. माणसाने माणसाशी कसे वागावे हे शिकविणारा, समता व स्वातंत्र्य देणारा धर्म आपणास हवा आहे, असेही ते म्हणाले.

त्यानंतरचे भाषण कठोर आहे. दक्षिण भारतात चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अस्पृश्याला बाप्तिस्मा दिला की मिशनऱ्यांना आपले कर्तव्य संपले असे वाटते, त्याच्या राजकीय हक्कांकडे ते पाहत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. शिष्यवृत्ती मिळणारा अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की ती बंद होते, वास्तविक त्याची गरिबी होती तशीच राहते. आणि तुमच्यात शेकडो मुलेमुली मॅट्रिक झाली असूनही या अन्यायाविरुद्ध तुम्ही चळवळ केली नाही, असे त्यांनी समोर बसलेल्या शिक्षक, परिचारिका व कारकुनांना सुनावले. आम्ही अडाणी असलो तरी चळवळीत आहोत, म्हणून कायदेमंडळात आमच्या पंधरा जागा आहेत, हा त्यांचा टोला ऐकणाऱ्यांना जिव्हारी लागला असेल.

हे भाषण आम्हांस परधर्माच्या अभ्यासाचा आदर्श नमुना वाटते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म त्याच्या ग्रंथांतून वाचला होता; त्यांच्या संग्रहातील व लेखनातील पुरावे ते दाखवितात. पण त्यांनी तो त्याच्या माणसांतूनही वाचला. चर्चमध्ये कोण कोठे बसतो, मुलाची शिष्यवृत्ती का थांबते, शिकलेली मुलगी आपल्या वस्तीकडे वळून पाहते की नाही, या प्रश्नांतून त्यांनी धर्माची परीक्षा केली. निंदा करावयाची म्हणून ते बोलले नाहीत आणि पाहुणचाराच्या संकोचाने गप्पही बसले नाहीत. अशोकाचा वाणीसंयम प्रसंग नसताना निंदा करू नये असे सांगतो, प्रसंग असतानाही मौन पाळा असे सांगत नाही.

शासनाने १९८९ साली प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची स्थिती या विषयांवरील दोन प्रकरणे आहेत. मिशनच्या सेवाकार्याची थोरवी ते तेथे मान्य करतात. मात्र उच्चवर्णीयांना आधी जिंकू, मग ख्रिस्ती धर्म आपोआप खाली झिरपेल, या आशेवर शाळा-महाविद्यालये व दवाखाने उच्चवर्णीयांच्या सेवेला लागले, अशी त्यांची तक्रार आहे. ग्रंथांच्या बाबतीत आम्ही वर जे दाखविले तेच त्यांनी संस्थांच्या बाबतीत दाखविले. पुढे १९५० मध्ये ‘महाबोधी’ मासिकातील आपल्या प्रसिद्ध लेखात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद व कृष्ण यांची तुलना केली आणि स्वतःसाठी ईश्वरी अधिकार न मागणारा, मोक्षदाता न होता मार्गदाता झालेला पुरुष म्हणून बुद्धांची निवड केली. उपालीला सांगितलेला विचार करण्याचा काळ बाबासाहेबांनी स्वतः एकवीस वर्षे पाळला.

यानंतरचा इतिहास आमच्याकडेही बोट दाखवितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित झाला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. म्हणजे सोलापुरात १९३८ साली बाबासाहेबांनी ख्रिस्ती विद्यार्थ्याचे जे गाऱ्हाणे सांगितले, तेच केंद्र सरकारच्या सवलतींच्या बाबतीत १९५६ नंतर चौतीस वर्षे बौद्ध विद्यार्थ्याच्या वाट्याला आले. धर्म बदलला, गरिबी होती तशीच राहिली. दलित ख्रिस्ती मात्र १९९० मध्येही त्या यादीबाहेरच राहिले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आपला हक्क मिळाल्यावर त्याच वस्तीतल्या शेजाऱ्याच्या हक्काविषयी आमच्या सभांतून किती ठराव झाले, हे वाचकांनी आपापल्या गावी आठवून पाहावे. वाटा वाढल्यास आपला घास कमी होईल, ही भीती आमच्यातही बोलली जाते. ती नाकारून उपयोग नाही, तिची चर्चा झाली पाहिजे.

ख्रिस्ती बाजूला काही हालचाल झाली आहे. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने अन्य धर्मांविषयीच्या घोषणेत बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख केला. १९८१ साली बंगळूर येथे अरविंद निर्मल यांनी आपल्या व्याख्यानातून भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन ब्राह्मणी परंपरेच्या छायेत वाढले, ही टीका उघडपणे केली आणि दलितांच्या अनुभवातून धर्मशास्त्र लिहावे, असा आग्रह धरला. त्यांच्या त्या मांडणीतून पुढे दलित धर्मशास्त्राची शाखा उभी राहिली. विल्सन यांच्यापासून ॲबट यांच्यापर्यंतची परंपरा ज्या दारापाशी थांबली होती, ते दार आतून उघडले गेले.

आमच्या बाजूचे चित्र असे समाधानकारक नाही. पाली शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना लूकचे शुभवर्तमान क्वचितच वाचावयास मिळते. येशूच्या मैत्रीची व तथागतांच्या मेत्तेची तुलना करावयाची तर ती भाषणातील टाळ्यांच्या वाक्यापुरती होते. सोलापूर, बार्शी, अहमदनगर या भागांतील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या आठवणी, त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा का घेतला, चुलत घराण्याने १९५६ मध्ये धम्मदीक्षा घेतली तेव्हा दोन घरांत काय बोलणे झाले, लग्नकार्ये थांबली की चालू राहिली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ती पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. आमच्या संस्थांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून हे काम तातडीने करवून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. ‘ज्ञानोदय’च्या जुन्या फायलीही या दृष्टीने चाळल्या गेल्या पाहिजेत; त्यांत मुक्ताखेरीज आणखी कोणाचे आवाज आहेत, हे पाली-बौद्ध अभ्यासाच्या दृष्टीतून अद्याप फारसे तपासले गेलेले नाही.

त्या फायलींचे महत्त्व सांगण्यास एक गोष्ट पुरेशी आहे. १ जानेवारी १९३८ चे सोलापूरचे भाषण ख्रिस्ती समाजावर एवढे कडक असूनही ते आधी छापले ते ‘ज्ञानोदय’ने. ५ फेब्रुवारी १९३८ च्या ‘जनता’ने ते तेथूनच उतरून घेतले, आणि आज आम्ही ते वाचतो ते त्या छापील मजकुरावरून.